कोब्यावरची सावली

थंडीच्या दिवसांत पहिलीच्या पोरांना वर्गात कोंडून विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांचा मला राग येतो. आमच्या कंधार तालुक्यात थंडी असते ती किती, जेमतेम दोन-अडीच महिने. बाहेर पोरं बिडी ओढल्याचं सोंग करत तोंडातून वाफा सोडत असतात आणि आत फळ्यावर ‘हवेत बाष्प असते’ असं लिहिलेलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हे मी शिक्षकांच्या बैठकीत दोन-तीनदा बोलून दाखवलं, तेव्हापासून तिथं मला चहा शेवटी मिळतो.

माझी शाळा जिल्हा परिषदेची. पहिली आणि दुसरी माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी संपली की मी पोरांना घेऊन बाहेर पडतो. हरभऱ्याच्या रानात नेतो, पानांवरून बोट फिरवून चाटायला लावतो. तोंडं आंबट झाली की मग सांगतो, याच आंबट पाण्यासाठी, आंबेसाठी, तुमच्या आज्या संध्याकाळी हरभऱ्यावर फडकं पसरून ठेवायच्या आणि सकाळी पिळून घ्यायच्या. दोन ताटं संध्याकाळी ठेवून येतो, एक उघड्यावर, एक लिंबाच्या झाडाखाली. सकाळी उघड्यावरचं ओलं आणि झाडाखालचं कोरडं निघतं, मग तिथंच उकिडवे बसून आम्ही भांडतो, की दव वरून पडतं का आणखी कुठून येतं. गोठलेल्या खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या, एक काळ्या फडक्यात, एक पांढऱ्या फडक्यात, उन्हात ठेवतो. कोणती आधी वितळणार यावर पोरं चिंचोक्यांची पैज लावतात. पालक म्हणतात, “सर, आमी पोरं शाळेत पाठवून राहिलो, रानात न्हाई.” त्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते इतक्यांदा दिलंय की आता मलाच ऐकवत नाही.

या सगळ्यात माझा आवडता खेळ सावलीचा. मे महिन्यात भर दुपारी सावली पायाखाली लपते, शोधून सापडत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि भर दुपारची सावलीसुद्धा जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी पडते. शाळेसमोर झेंड्याच्या खांबाजवळ सिमेंटचा कोबा होता. त्यावर पोरांना उभं करायचं आणि दुसऱ्यानं खडूनं त्याची सावली आखायची. मग ज्याची सावली त्यानं तिच्यात झोपून बघायचं. लहान पोराला स्वतःएवढंच काहीतरी जमिनीवर पडलेलं दिसलं की ते आधी हसतं आणि मग जरा गप्प होतं. दरवर्षी हे असंच होतं.

आमची लेक माझ्याच वर्गात होती. यावरून लोकांनी मला कमी चिडवलं नाही. मास्तरांची पोरं नांदेडला इंग्रजी शाळेत, निदान कंधारला तरी. पण हॉटेलवालाच आपल्या हॉटेलात जेवत नसेल तर गिऱ्हाइकानं काय समजायचं, असं माझं म्हणणं. ती एकुलती एक. वर्गात तिनं मला ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘बाबा’, असं ठरलं होतं. घरी माझ्यावर रागावली की ती मुद्दाम ‘सर’ म्हणायची, आणि तेही तिच्या आईसमोर. आई पदर तोंडाला लावून हसायची.

त्या वर्षी तिची सावली खडूनं आखली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुसट झालेली होती. रात्रभर दव पडलं होतं. “दवानं खाल्ली माझी सावली,” म्हणून ती रडायला लागली. मी समजावलं की आज परत आखू, सूर्य कुठं पळून चाललाय? ते तिला पटलं नाही. दुपारी बघतो तर खांबाचा ओटा रंगवून उरलेला लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन हजर. “बाबा,” म्हणाली, आणि मग वर्गातली पोरं बघतायत हे लक्षात येऊन, “सर, यानं काढा.”

काढली. ती एका जागी उभी राहील तर शपथ. एक हात कमरेवर ठेवला होता, एक वेणी सुटलेली आणि दुसरी बाहेर आलेली, ते सगळं तसंच आलं. जिथं उभी होती तिथं पावलांच्या भोवतीही मी रंग फिरवला. वाळायच्या आत तिच्या वर्गातल्या एकानं त्यावरून टांग टाकली, आणि ही किंचाळली, “ए, ओलांडू नको! वाढ खुंटंल माझी!” आमच्याकडे निजलेल्या पोराला ओलांडत नाहीत. चुकून ओलांडलंच तर त्याच वाटेनं उलटं ओलांडून मागं यायचं, म्हणजे दोष उतरतो. मी माझं कर्तव्य म्हणून सगळ्यांना सांगितलं की असलं काही नसतं, उंची हाडांनी वाढते. ती म्हणाली, “नसंल. पण त्याला मागं यायला सांगा.” तो मागं आला, तेव्हा कुठं ती गप्प झाली.

संक्रांतीनंतर तिला ताप आला. आधी गावातलं औषध, मग कंधार, मग नांदेड. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, डेंग्यू आहे, डासाचा ताप. नांदेडहून आम्ही दोघंच परत आलो. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

गावात कुजबुज सुरू झाली, ‘मास्तरानं पोरीला गारठ्यात नाचवलं. धुक्यात दव बघाया न्हेत होता.’ समोर कुणी बोललं नाही, पण गावातली कुजबुज मास्तरच्या कानाला आधी लागते. मग मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो. थंडीनं डेंग्यू होत नाही. डासानं होतो. साठलेल्या पाण्यातला डास, अंगावर पट्टे असलेला, दिवसा चावणारा. तेराव्यालासुद्धा मी सोयऱ्यांना हे सगळं वर्गात शिकवतात तसं समजावून सांगितलं. बायको चहाचे कप घेऊन यायची, माझं बोलणं चाललेलं असायचं, ती कप ठेवून आत जायची.

तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. गारठ्यामुळं झालं असं म्हणाली नाही, आणि गारठ्यामुळं झालं नाही असंही म्हणाली नाही. सगळ्या गावाचं मत मी फुंकरीनं उडवलं असतं. मला फक्त तिचं हवं होतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. न जाणो, ती ‘हाव, गारठ्यानंच’ म्हणाली तर?

त्याच वर्षी बायको लातूरला गेली. तिथं बाहेरगावच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची नोकरी मिळाली, राहायला खोली मिळाली. आम्ही भांडलो नाही, वेगळे झालो नाही. दर शनिवारी शाळा सुटली की मी लातूरला जातो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परततो. भाजी, भाव, बदल्या, मुलींचे पेपर, सगळं बोलतो. थंडीत पहाटे मुली शिकवणीला निघाल्या की ती दारात उभी राहून प्रत्येकीला बजावते, “कान बांध गं. गारठा हाय.” मी आत अंथरुणात पडून ते ऐकतो. एकेका मुलीला ते सांगून होईपर्यंत माझा जीव नकोसा होतो.

इकडं शाळेत लेक कोब्यावर होतीच. ऑइलपेंट उन्हानं फिकट झाला, गेला नाही. तिच्या वर्गातली पोरं तिला वळसा घालून जायची, त्यात नवल नाही. पण ती पोरं वरच्या वर्गांत गेली, त्यांच्यामागून नवी आली, ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तीही वळसा घालायला लागली. कुणी शिकवलं नाही. शिवाशिवी खेळताना जिवाच्या आकांतानं पळणारं पोरगं त्या जागेशी आलं की वळायचं. चेंडू आत जाऊन थांबला तर काठीनं ओढून घ्यायचे. आणि मी, हाडांनी उंची वाढते असं सांगणारा, हातात हजेरी घेऊन त्याच वळशानं वर्गात जायचो. हजेरी घेताना खिडकीतून ती दिसायची. जिथं तिचं नाव यायचं तिथं मी अजूनही क्षणभर थांबतो. पोरांना वाटतं, सरांना दम लागला.

थंडीत फार वाईट व्हायचं. सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचतो. कोब्यावर दव पसरलेलं असायचं, पण रंगाच्या रेघेवर ते थेंबाथेंबांनी उभं राहायचं. धुक्यातून कोवळं ऊन आलं की आधी ती रेघ चमकायची, कमरेवरचा हात, सुटलेली वेणी. एखाद्या सकाळी मला वाटायचं, आता ही उठून बसेल आणि म्हणेल, “सर, उशीर झाला.” मी तिथं उभा राहून वाट बघितली आहे, हे लिहायला लाज वाटत नाही. आणि सगळ्यात लहान दिवसांत, भर दुपारी, सूर्य नेमका त्या जागी यायचा जिथं तिची सावली रंगवली त्या दिवशी होता. येळवस, आमच्याकडची रानात जेवायची मार्गशीर्ष अमावस्या, मागंपुढं होते, सूर्य होत नाही. तो बिचारा दरवर्षी ठरल्या जागी येऊन उभा. त्या आकारात ऊन मोकळं पडायचं, अडवायला कुणी नसायचं. त्या दिवशी मी पोरांना सावल्या आखायला बाहेर काढायचो आणि स्वतः पाठ करून उभा राहायचो.

गेल्या वर्षी शाळेला पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. दोन पावसाळे मीच त्यांच्या मागं लागलो होतो, चिखलात पोरं घसरून पडतात म्हणून. सरपंच तरुण आहे, माझाच विद्यार्थी. मोठ्या आनंदानं सांगायला आला, आणि बोलता बोलता त्याची नजर कोब्यावर गेली. कोबा फोडावा लागणार होता. तो खाली बघत म्हणाला, “सर, तुमी म्हणलात तर तेवढा तुकडा सोडतो. भोवती जाळी लावू. कुणी काही म्हणत न्हाई.”

संध्याकाळी लातूरला फोन लावून बायकोला सांगितलं. ती सावली तिनं त्या वर्षी एकदाच पाहिली होती, लेकीनं हात धरून आणून दाखवली तेव्हा. नंतर या शाळेत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. पलीकडं तिनं वसतिगृहातल्या मुलींचा गलका दटावून थांबवला. मग ती म्हणाली, “येळवस झाली की येते. तवर फोडू देऊ नका.”

येळवसेच्या दुसऱ्या दिवशी आली. अहमदपूर, लोहा, कंधार आणि पुढं काळीपिवळी, एवढ्या गाड्या बदलून, हातात भावाच्या शेतातून आणलेल्या आंबिलीचा डबा. शाळा भरलेली होती. मी पोरांना सावल्या आखायला बसवलं होतं, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती फाटकातून आत आली, डबा माझ्या हातात दिला आणि सरळ लेकीच्या सावलीपाशी जाऊन उभी राहिली. अगदी रेघेशी. ती आत पाय टाकील की काय असं मला वाटलं. टाकला नाही.

दुसरीतली एक पोरगी तिथंच शेजारी झोपून आपली उंची ताडून बघत होती. हा पोरांचा नेहमीचा खेळ. पाव्हण्या बाई बघतायत म्हटल्यावर तिला चेव आला. टाचा त्या लाल पावलांच्या रेषेत लावून ती म्हणाली, “सर, बगा, गेल्या सालाला मी हिच्याहून बारकी व्हते. आता मोठी झाले.” मग उठून बसली, सावलीकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “ही कामून वाढंना झाली? कुणी ओलांडलं हिला?”

मी सर. पोरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा मला पगार मिळतो. माझ्या हातात आंबिलीचा डबा होता आणि मी त्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत होतो. इतकी वर्षं जो प्रश्न मी विचारला नाही, तो या एवढ्याशा पोरीनं भर उन्हात विचारला होता, आणि ज्या माणसाला मला विचारायचा होता त्याच माणसासमोर.

बायको तिच्यासमोर खाली बसली. “कुणीच न्हाई गं बाई,” ती म्हणाली. “लई जपलं होतं तिला. समद्यांनी. तिच्या बापानं तर लईच.”

“मग?”

“मग काय.” तिनं पोरीच्या केसांतली धूळ झटकली. “डास चावला.” हा शब्द तिनं इतक्या हळू उच्चारला की पोरीला पुढं वाकावं लागलं.

“डास? एवढुसा?”

“हाव.”

पोरीनं जरा विचार केला. “म्हंजे डासानं ओलांडलं,” तिनं निकाल दिला आणि चड्डीची धूळ झटकत आपल्या सावलीकडं निघून गेली. बायको हसली. हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसले नाहीत. मग ती उठली, कोब्याचं काय ठरतं ते ऐकायला येऊन लांब उभ्या असलेल्या सरपंचाला म्हणाली, “फोडा. जाळीत काय ठेवायचं पोरीला?”

दुपारी तिला गाडीवर सोडायला निघालो. फाट्यावर लिंबाखाली आम्ही दोघंच होतो. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोललो, “मला वाटायचं, तुला वाटतं की गारठ्यामुळं…”

“येडे का हाव तुमी?” ती म्हणाली. “थंडीनं डेंग्यू होत न्हाई. तुमीच तर समद्या गावाला सांगत होता.”

“मग तू बोलली का नाहीस कधी?”

“काय बोलू?” तिचा आवाज चढला. “जो येईल त्याला तुमी तेच सांगून राहिला होता. साठलेलं पाणी, साठलेलं पाणी. नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई म्हणून मीच भरून ठिवले होते न ते ड्रम. एकाचं झाकण फुटलं होतं. तुमी बोलायचे अन् मी कप ठिवून आत जायचे. मला वाटायचं, हे मलाच सांगतेत. मलाच.”

गावाचं तोंड बंद करायला म्हणून मी जे वाक्य दारोदार फेकलं, ते रोज घरातच लागत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ड्रमांचं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक अंगणात ड्रम होते, शाळेच्या मागंही होते. मी तेवढंच म्हणालो जे ती मघाशी म्हणाली होती, “कुणीच नाही. कुणीच ओलांडलं नाही तिला.” काळीपिवळी आली तरी ती चढली नाही. पुढची येईपर्यंत आम्ही आंबील पीत बसलो, डब्याच्या झाकणातून, आळीपाळीनं. त्या थंडीत मला पहिल्यांदा गारठा वाजला.

दोन दिवसांनी कोबा फोडला. मी वर्गात बेरजा घेत होतो. आवाज थांबेपर्यंत पोरं माझ्याकडं बघत होती आणि मी फळ्याकडं.

आता तिथं राखाडी आणि लाल ब्लॉक आहेत, चिखल होत नाही, पालक खूष आहेत. जूनमध्ये नवी पहिली आली. त्यांना कोबाच ठाऊक नाही. पण थंडी पडल्यावर एक दिवस खिडकीतून बघतो तर पळता पळता पोरं खांबापुढं वळसा घालतायत. मोठी वळतात म्हणून लहान वळतात. का वळायचं ते कुणालाच सांगता येत नाही. मी विचारून पाहिलं.

यंदा येळवसेला बायको इकडंच आली. आजकाल एखाद्या शनिवारी तीच येते. शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघंच तिथं जाऊन बसलो होतो. आम्ही घराकडं निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं होतं आणि ती व्हरांड्यात चपला घालत होती. मनात म्हटलं, मास्तरा, आता इथं नुसते ब्लॉक आहेत, सरळ चाल. आणि गेलो सरळ, मधून. चार पावलांवर माझे पायच अडले. मागं कुणी बघत नाही असं वाटलं, म्हणून तोंड न वळवता तसाच उलटा चालत मागं आलो, टांग उंच टाकत.

“तिथं न्हाई,” व्हरांड्यातून आवाज आला. “जरा उजवीकडं होती.”

मी परत पलीकडं गेलो आणि तिनं बोटानं दाखवलेल्या जागेवरून नीट, सावकाश, उलटा ओलांडून आलो.